खुशीच्या तोंडचे निरोप

४ फेब्रुवारी

अन् वरून मलेच म्हणते की घराची शोभा यानं घालवली. बा ओट्यावर बाज टाकून बसते अन् तिथून हुकूम सोडते, "विचार तुया भियाले, उज्ज्वलाच्या लग्नाले येणार हाये का याही टायमाले पळून जाणार हाये." भिया म्हणजे भाऊ, मी, अन् उज्ज्वला माह्या दोन बहिणींतली मोठी. हे तो मले नाही म्हणत. लहान्या बहिणीले म्हणते, खुशीले, अन् खुशी फोनवर मले सांगते. मी म्हटलं, सांग त्याले, ज्या मांडवात त्याचं तोंड पाहा लागन तिथं मी पाय ठेवत नाही. खुशीनं ते हळूच पुन्हा म्हणून पाहिलं. मंग म्हणते, "असंच सांगू का भिया?" मी म्हटलं असंच सांग, एक शब्द कमी करू नको.

मी काय खून केला होता? मागच्या वर्षी माह्या सगाईचा गूळ खायले दोन तांड्यांची माणसं जमली, तांड्याचा मुखिया, म्हणजे नायक, येऊन बसला, अन् मी नांदेडची बस धरली, तिथून हैदराबादची. ना पोरगी पाहिलेली ना मले कोणी विचारलेलं. बाले नसाबात, म्हणजे आमच्या तांड्याच्या पंचायतीत, मान खाली घालून बसा लागलं. तवापासून तो माह्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही. बरं चाललं हाये, खुशी हाये मधात.

ही डायरी फरशीच्या दुकानदारानं देल्ली. आठवीत शाळा सोडल्यावर आजच एवढं लिवलं. हात दुखून राह्यला.

१६ फेब्रुवारी

आज अजबच झालं. खुशी म्हणते, "बा म्हणते, हातात रबरी मोजे घालत जाय, सिमेंटनं बोटं फाटते." मी म्हटलं, बा म्हणते? आपला बा? म्हणते हाव. मी हसलो. पण खोटं कायले लिवू, दिवसभर तेच डोक्यात होतं. आठव्या माळ्यावर संडासाची फरशी बसवून राह्यलो होतो, उतारच चुकला. पाणी जाळीकडं जायच्या जागी दाराकडं आलं. सुपरवायझरनं सगळी उखडायले लावली.

देवीलाल माह्या जोडीले फरशी बसवते. तो दिग्रसकडल्या तांड्याचा, आपल्यातलाच. तो म्हणे, "बाप हाये बे शेवटी. बापाचं पोट बोलते, तोंड नाही बोलत." मी म्हटलं त्याचं तोंडच लय बोलते, तुले माईत नाही.

खुशीले निरोप देल्ला की मोजे घालाले मी काय बाई हावो का. तिनं पुन्हा विचारलं, "असंच सांगू?" या पोट्टीले एकदा सांगितलेलं समजतच नाही आजकाल.

तरी मोजे आणले. चाळीस रुपयाचे.

९ मार्च

याडीनं फोन घेतला. आमच्यात मायले याडी म्हणते. अर्धा तास एकटी बोलली. बा कसा चिडचिड करते, उज्ज्वलाच्या सासरचे कसे नाकं मुरडते, तिचं डोकं कसं दुखते. मी म्हटलं, याडी, हे सगळं मनात ठेवू नको. म्हणे, "मनात कुठं ठेवते बेटा, खुशीपाशी मोकळी होते मी. ते माही पोरगी नाही, माही मायच हाये. जवळ घेऊन झोपते तिले अन् सगळं सांगते." मले बरं वाटलं. कोणीतरी हाये तिले.

उज्ज्वलाले ढावलो शिकवणं चालू हाये. नवरी पोरगी माहेर सोडताना गळ्यात पडून जे रडगाणं गाते, तो ढावलो. म्हातारी रुपीबाई रोज येते, पोरी गोळा होते. पण उज्ज्वलाले रडूच येत नाही म्हणे, तिले हसू येते. रडते खुशी. याडीनं फोन तिच्याकडं धरला. अवाज असा निघाला की आम्ही कटर बंद केला. देवीलालचे डोळे भरून आले. मी म्हटलं, माही बहीण हाये.

फोन ठेवल्यावर आठवलं, खुशीची दहावीची परीक्षा चालू हाये. पेपर कसा गेला ते विचारायचं राह्यलं.

१३ एप्रिल

काल उज्ज्वलाचं लग्न झालं. मी नाही गेलो. बोललो ते बोललो. पण बाचा निरोप आला होता, "ये म्हणते, मांडवात तुयी जागा ठेवली म्हणते." मी तीन वेळा विचारलं, खरंच म्हणला का? खुशी म्हणे हाव. मंग मले रागच आला. एवढंच वाटते तं स्वतः फोन करायले काय झालं होतं?

सुनीलनं, माह्या चुलतभावानं, व्हिडिओ कॉल लावला होता. विदाईच्या वक्ती उज्ज्वला एका जागी उभी, अन् खुशी तिच्या गळ्यात पडून ढावलो गाते. दोन बायांनी तिले धरलं होतं तरी खाली बसत होती. पाव्हणे मोबाईल वर करून शूटिंग घेत होते. नवरी कोण तेच समजत नव्हतं. उमरखेडकडला लालसिंग म्हणून कोणी मोठा माणूस आलता, त्यानं म्हणे बाले विचारलं, ही कोणाची पोरगी, कोणत्या घरची सून होणार हाये. बाची मान वर झाली म्हणे लय दिवसांनी.

संध्याकाळी खुशीचा फोन. अवाज बसलेला. म्हणते, "भिया, माह्यं लग्न निघालं तं येशीन का तू?" मी म्हटलं, वेडी, कालच उरकून टाकाचं होतं, एका मांडवात दोन झाले असते, जेवण वाचलं असतं. तिनं ठेवला फोन. रेंज गेली असन.

२९ एप्रिल

खुशी आजून ढावलो गाते म्हणे. लग्नाले एवढे दिवस झाले. पाणी भरताना, भांडे घासताना. याडी सांगते अन् हसते, "सूर धरला पोरीनं, आता काय थांबते." तांड्यातल्या बाया दाराशी उभ्या राहून ऐकते. मी म्हटलं आता बस कर म्हणावं, बापाच्या घरात बसून कायचा ढावलो.

जेवत नाही म्हणे नीट. उन्हाळा हाये. मलेही इथं जेवण जात नाही.

साईट सोडावं वाटून राह्यलं. देवीलाल म्हणे बंगळूरले चाल, तिथं फुटामागं दोन रुपये जास्त भेटते. एका जागी माह्या पायाले मुंग्या येते.

७ मे

खुशीनं दुपारीच फोन केला. कामाच्या टायमाले कधी करत नाही. म्हणते, "भिया, दोन दिवस येतो का घरी?"

मी म्हटलं, बा बोलावते का?

"नाही. मीच म्हणते."

म्हटलं, काय काम हाये?

"काम नाही. तू फक्त ओट्यावर येऊन बसजो. बोलू नको कोणाशी. बसजो फक्त."

मी म्हटलं, गमतीची हायेस, इथं तीन फ्लॅट द्यायचे हाये, अन् मी तिथं येऊन ओट्यावर बसू? बाले म्हणा आधी बोलाव, मंग पाहू. ती म्हणे, "बरं." मंग आजून एकदा म्हणे, "बरं भिया."

देवीलालले सांगितलं तं तो म्हणे, पोट्टीले करमत नसन, उज्ज्वला गेली ना.

१२ मे

लिवावंसं वाटत नाही. लिवतो तरी.

सकाळी कटर हातात असताना फोन वाजला, बाचा नंबर. वाटलं खुशीनं त्याच्या फोनवरून लावला. उचलला तं बा. त्याचा स्वतःचा अवाज. म्हणे, "लखन, मी बोलतो. खुशी बोलत नाही."

मी म्हटलं, म्हणजे?

"चार दिवस झाले. तोंडातून शब्द नाही. रडत नाही, हसत नाही. विचारलं तं मान हालवते. याडीनं नजर उतरवली. तूच बोलून पाहाय. तुया शब्दात लय हाये ती."

तिच्या कानाले फोन लावला. मी म्हटलं, खुशी, अवं खुशी. श्वास ऐकू येत होता. बाकी काही नाही.

मंग बा म्हणे, "माह्यंच चुकलं असन. लालसिंगचे लोक सगाईचं बोलायले आलते त्याच्या पोरासाठी. तुया निरोप आला होता, मी नाही ऐकला."

मी म्हटलं, कोणता निरोप?

"तूच देल्ला ना. भिया म्हणते, खुशीच्या सगाईचा गूळ घरात येऊ देऊ नका. भिया म्हणते, तिले यवतमाळले शिकाले ठेवा, खर्च मी करतो. मी चिडलो. म्हटलं, एवढा कळवळा हाये तं सांग त्याले, खुद्द येऊन माह्यापुढं बसजो, मंग ऐकतो. मंगळवारपर्यंत वाट पाहीन म्हटलं. तू आला नाही, मंग मी गूळ घेतला."

मी कटर तसाच फरशीवर ठेवला. तो चालूच होता, देवीलालनं येऊन बटन बंद केलं.

बा बोलतच होता. "तसे तुये सगळे निरोप मले याद हाये. भिया म्हणते, गूळ सोडून पळालो ते चुकलं, माफ करा. भिया म्हणते, तुमचा गुडघा दुखते तं एकट्यानं कपाशीची पऱ्हाटी उपटू नका, मी येतो. मी याडीले म्हटलं, परमुलखात जाऊन शहाणा झाला. तोंडानं मी काही म्हटलं नाही, पण रोज खुशीले विचारत होतो, आज काय म्हणला तो."

यातलं एकही मी म्हणलो नव्हतो. एकही नाही. मी जे जे म्हणत होतो ते माह्या डायरीत हाये, मी काय बोलतो मले माईत नाही का.

बा म्हणे, "ऐकते का?"

मी म्हटलं, हाव.

"म्हणला होता ना तू?"

खुशी जवळच उभी असन. मी म्हटलं, हाव बा, म्हणलो होतो.

आता समजते, त्या दिवशी ओट्यावर येऊन बस म्हणत होती, ते मंगळवारचं बोलावणं काय होतं. नाही, नाही समजत. मले सांगायचं होतं ना तिनं सरळ.

१५ मे

काल दुपारी तांड्यात पोचलो. आमच्यात कोणी दुरून आलं की बाया गळ्यात पडून रडते, गाऊन रडते, तशी रीतच हाये. याडी लांबूनच रडत आली. दोन शेजारणी आल्या. त्यांच्यामागं खुशी उभी. हनुवटी निघालेली, फ्रॉक असा लोंबत होता जसा खुंटीवर टांगला. तिनं माह्या खांद्यावरची बॅग घेतली अन् आत नेऊन ठेवली. एवढंच.

रुपीबाई निंबाखाली बसली होती. मले बोलावलं. म्हणे, "माह्यं डोकं फिरलं होतं रे. मी म्हणायची, काय गोड रडते. शब्द नाही ऐकले. ढावलोत पोरगी म्हणते, मले हे घर सोडा लागते. ही म्हणत होती, मले या घरात एकटी सोडून जाऊ नका. उज्ज्वलाच्या नावानं नाही गात होती ती. मी शिकवलं नव्हतं तसं." मंग पदरानं तोंड पुसलं, अन् म्हणे, "साठ वर्सं गाते मी, अन् मले कळलं नाही."

मी निंबाचा पाला तोडत बसलो.

संध्याकाळी बा अन् मी ओट्यावर बसलो. बाजेच्या दोन टोकांले. बानं माह्या हाताकडं पाहिलं, म्हणे, "बोटं बरी दिसते."

मी म्हटलं, तुम्ही मोजे घालाले सांगितलं होतं ना.

"कसले मोजे?"

मी म्हटलं, रबरी. फेब्रुवारीत. खुशीपाशी निरोप देल्ला होता.

बा माह्याकडं पाहातच राह्यला. मंग त्याचं लक्ष दाराकडं गेलं. खुशी हातात पाण्याचा तांब्या घेऊन चौकटीत उभी होती. तिचा चेहरा असा झाला होता जसं कोणी तिले चोरी करताना धरलं. पाणी हिंदकळून पायावर सांडत होतं.

बानं घसा खाकरला. म्हणे, "हाव हाव. मोजे. म्हणलो होतो मी. इसरलोच."

"अन् मांडवात जागा ठेवली होती म्हणे माही."

"ठेवली होती ना. रिकामीच राह्यली."

माह्या बाले खोटं बोलता येत नाही, त्याचे कान लाल होते. काल लाल झाले होते. माह्येही झाले असन त्या दिवशी फोनवर. खुशीनं तांब्या आमच्या दोघांच्या मधात ठेवला अन् तिथंच खाली बसली. बोलली नाही. पण बसली.

२० मे

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गळा पाहिला, कान पाहिले, सगळं ठीक हाये म्हणे. मंग दुसऱ्या खोलीत एक बाई डॉक्टर, तिनं आम्हाले बाहेर बसवून खुशीसंग वेळ घालवला. आम्हाले आत बोलावल्यावर विचारलं, "तुमच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही?"

बा म्हणे, तसं काही नाही, सगळे बोलते. मी खाली पाहिलं. याडीनंच सांगितलं सगळं, बिचारीनं.

डॉक्टरनं सांगितलं, बोल बोल करून मागं लागू नका, ती तिच्या वेळेनं बोलन. पंधरा दिवसांनी पुन्हा या. अन् आजपासून कोणीच तिच्या हातून निरोप पाठवायचा नाही, कोणाचाच नाही. याडीले म्हणे, तुमचं दुःख पोरीपाशी नका ठेवू, ती पंधरा वर्षांची हाये. याडीनं मान हालवली. बसमध्ये म्हणे, "मंग मी कोणाले सांगू?" महागाव येईपर्यंत खिडकीतून बाहेर पाहात होती. खुशी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

दहावीचा रिझल्ट लागून हप्ता झाला होता. कोणी पाहिलाच नव्हता. सुनीलनं मोबाईलवर काढून देल्ला. एक्क्याहत्तर टक्के. या सगळ्यात तिनं एक्क्याहत्तर टक्के घेतले. मले तर सातवीत गणितात सतरा होते.

२२ मे

बा एकटाच लालसिंगकडं गेलता. मी येतो म्हटलं तं म्हणे, "नको. गूळ मोडणं आपल्या घराले काही नवं नाही." टोमणाच होता, पण हसला जरासा. मी काहीच म्हटलं नाही, हे माह्यासाठी लयच झालं.

परत आला तं टोपी हातात. नसाबात पुन्हा बसा लागन म्हणे. याडीनं भाकर वाढली. खुशी त्याच्या पाटाजवळ बसून राह्यली, तो जेवेपर्यंत उठली नाही.

४ जून

हैदराबादेत परत येऊन हप्ता झाला. आता बा अन् मी रोज बोलतो. संध्याकाळी सातले. काय बोलतो ते विचारू नका. पहिल्या दिवशी तो म्हणे, हं. मी म्हटलं, हं. मंग तो म्हणे, कुत्री व्यायली. मी म्हटलं, किती? म्हणे, पाच. झालं. स्पीकरवर ठेवते, खुशी बाजूले बसली राहते असं याडी सांगते.

देवीलाल बंगळूरले गेला. मले म्हणे, तू बी चाल, तुया बापाले फोन तिथूनही लागते. मी थांबलो. काहून थांबलो मले माईत नाही, इथं काही मजा नाही.

९ जून

आज आमची जुंपली. मी म्हटलं, यंदा कपाशी कमी करा, गुडघ्यानं होत नाही तुमच्या. बा म्हणे, मले शिकवू नको, फरशी बसवणाऱ्यानं शेतीचं बोलू नये. मी म्हटलं, मंग बसा गुडघा धरून. त्याचा अवाज वाढला, माह्याही वाढला. बाजूच्या खोलीतली पोरं दारात आली पाहायले. बा एवढा तापला की सवयीनं तिकडं वळून म्हणे, "सांग वं खुशी तुया भियाले..."

अन् थांबला.

तिथून अवाज आला. बारीक, घासलेला, जसं दार लय दिवसांनी उघडलं.

"तुम्हीच सांगा."

बस. एवढंच. याडी तिकडं रडायले लागली, साधी, गाऊन नाही. मी फोन कानाले लावून जिन्यावर बसून राह्यलो.

मंग बानं घसा खाकरला. म्हणे, "लखन. मी काय म्हणत होतो, कपाशी दोन एकर लावतो. बाकी तूर." मी म्हटलं, बरं बा.

१२ जून

ती पुन्हा चुप हाये. त्या दिवशीचे दोन शब्द, मंग काही नाही. मी घाबरून बाले म्हटलं, असं कसं. बा म्हणे, "डॉक्टरीण म्हणे असंच राहते, मधात मधात. मागं लागू नको." माह्या बापानं मले समजावून सांगितलं, शिवी न देता.

यवतमाळले अकरावीत नाव टाकाचं हाये. मुलींच्या वसतिगृहात जागा भेटते का ते पाहा लागन, सुनील चौकशी करून राह्यला. तिनं माह्या नावानं सांगितलं होतं, खर्च भिया करते. मी म्हणलो नव्हतो. पण बाले हाव म्हणून बसलो, अन् आता तो रोज विचारत नाही, वाट पाहाते, अन् त्याचं वाट पाहाणं मले इथं ऐकू येते.

ठेकेदारापाशी हिशोब केला. मोटरसायकलीसाठी ठेवले होते तेही काढले. खोलीचं भाडं अन् खाण्यापुरते मागं ठेवतो. बाले मी स्वतः फोन करून सांगितलं, उद्या पाठवतो, खुशीच्या शाळेचे अन् दवाखान्याच्या चकरांचे हाये, दुसऱ्या कशाले लावू नका. तो म्हणे, "किती?" मी सांगितलं, अकरा हजार चारशे रुपये. तो म्हणे, "मोजे घेतले का नवे?" अकरा हजार चारशे रुपये.